खाडीत शिरायचे ते भरती पूर्ण झाल्यावरच का?

प्रश्न : आमच्या शिडाच्या बोटीला १.२ मीटर पाणी लागते. कोकणातल्या उथळ मुखाच्या खाडीत शिरण्यासाठी पूर्ण भरतीची वेळ धरावी का?

उत्तर : नाही. चढत्या भरतीत शिरा. नकाशात मुखाशी ०.६ मीटर खोली असेल, तर बोटीचे १.२ आणि लाटांसाठी राखीव ०.६ मीटर धरून भरतीचे १.२ मीटर पाणी हवे. त्या दिवशी सुकती ०.५ आणि भरती ३.५ मीटर असेल, तर पाणी ३ मीटर चढेल. पण सारख्या गतीने नव्हे. सहा तासांत ते साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी वाढते. म्हणजे पुरेसे पाणी सुकतीनंतर दोन तासांतच मिळते. पूर्ण भरतीला पाणी सर्वाधिक असते हे खरे. पण तेव्हा बोट वाळूत रुतली, तर पाणी उतरतच जाते, आणि उधाणाकडून भांगाकडे जाताना पुढची भरती तितकी चढेलच असे नाही. चढत्या पाण्यात रुतलेली बोट तेच पाणी उचलते. तिथीच्या पाऊणपटीने भरतीचा तास काढण्याचा जुना हिशेब मुंबईच्या आसपास अंदाजापुरता ठीक आहे. मोजमापाला भरतीचे कोष्टकच हवे. मात्र कोष्टक वारा जाणत नाही आणि पावसाळ्यानंतर सरकलेली वाळूही. म्हणून राखीव पाणी कमी करू नका, आणि मुखाशी लाटा फुटत असतील तर बाहेरच थांबा.