निसर्ग-सहलीचा अखेरचा दिवस

शिक्षकांच्या निसर्ग-सहलीचे पहिले दिवस बहुधा चांगले जातात. वाया जातो तो शेवटचा दिवस. त्या दिवशी सकाळी वळकट्या बांधल्या जातात, सामुदायिक छायाचित्र निघते, आभाराची दोन-तीन भाषणे होतात आणि दुपारच्या गाडीने मंडळी आपापल्या गावी परततात. पिशवीतील पानांचा आठ दिवसांत चुरा होतो. या सहलीतून मुलांस काय मिळाले, असे पुढे कोणी विचारल्यास 'गुरुजी रामटेकला जाऊन आले' याखेरीज उत्तर सापडत नाही. सहलीत पाहिलेले शाळेपर्यंत पोचावयाचे असेल, तर त्याची तजवीज या अखेरच्या दिवशीच झाली पाहिजे.

नमुन्यादाखल रामटेकची तीन दिवसांची सहल घ्यावी. महिना फाल्गुनाचा, पळस फुललेला. पहिल्या दिवशी गड, त्यावरील वाकाटककालीन नरसिंहमंदिरे व पायथ्याचा अंबाळा तलाव पाहून झाला. दुसऱ्या दिवशी मनसरचा परिसर, खिंडसी तलाव व त्याच्या कडेचे रान झाले. तिसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरून सर्व तुकड्यांनी आपली सामग्री व टिपणवह्या मांडाव्या. सामग्री म्हणजे जमिनीवर पडलेली पाने, फळे, साली, दगड एवढेच. फांदी तोडून आणलेली नको. पेंच राष्ट्रीय उद्यानातून तर वाळलेले पानही उचलता येत नाही, हे शिक्षकांनी आधी स्वतः पाळावे, मग मुलांस सांगावे.

मांडणी सुरू होताच उणिवा दिसू लागतात. एका वहीत 'गडावर माकडे पुष्कळ' एवढीच नोंद असते. शिदोरी पळविली गेल्यावर याहून अधिक लिहिण्याची इच्छा राहत नाही हे खरे. परंतु काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर होते, हे वहीत नाही. ते शेंडे खात होते की फळे, हेही नाही. दुसऱ्या वहीत 'मनसरचा काळा, जड दगड : मँगनीज' असे आहे. नोंद बरोबर आहे. मात्र हा दगड काळ्या मातीच्या गावातील शाळेत नुसता कपाटात ठेवला, तर तो एक नवलाची वस्तू होऊन बसेल. आपल्या नाल्यातील तेवढाच दगड शेजारी ठेवून दोन्ही मुलांच्या हातांवर द्यावे, म्हणजे एक अधिक जड का, हा प्रश्न मुलेच विचारतील.

खरी अडचण निघते ती फळांपाशी. दोन तुकड्यांनी पाच पंखांची, कोरडी, तपकिरी फळे आणली आहेत. एका पुडीवर 'ऐन' लिहिले आहे, दुसरीवर 'अर्जुन'. दोन्ही फळे वरवर सारखीच. काही शिक्षक म्हणतात, दोन्ही ऐनच. काही म्हणतात, आमच्याकडे यास कहू म्हणतात, आणि कहू म्हणजे अर्जुन. एक वडील शिक्षक बहुमताने निकाल लावून पुढे जाण्याची सूचना करतात, कारण भाषणांची वेळ झालेली असते. येथे मार्गदर्शकाने ठाम राहावे. झाडाचे नाव बहुमताने ठरत नाही. भाषणे रद्द करून सर्वांनी त्या दोन्ही झाडांपाशी पुन्हा जावे. फळे उचलली, पण साल कोणीच पाहिली नव्हती, ही चूक तेथे आपोआप कळते.

ऐनाची साल काळसर, जाड व खोल भेगांनी चौकटीचौकटीत फाटलेली असते. मगरीच्या पाठीची आठवण व्हावी अशी. अर्जुनाचे खोड पांढुरके, गुळगुळीत असून त्याचे पातळ पापुद्रे निघतात. ऐन रानात उभा असतो; अर्जुन बहुधा नदीनाल्याचा काठ धरून राहतो. हे पाहून झाल्यावर फळे पुन्हा हाती घ्यावी. ऐनाच्या फळाच्या पंखावरील शिरा मधल्या कण्यापासून कडेपर्यंत सरळ आडव्या जातात, अर्जुनाच्या शिरा वर वळतात. आता ते फळ डोळ्यांस वेगळे दिसू लागते. तासाभरापूर्वी हा फरक कोणी सांगितला असता तर वहीत उतरला असता, एवढेच.

नावांचा घोळ हा दोष नव्हे. तेंदूस कोणी टेंभुर्णी म्हणेल, चारोळीच्या झाडास कोणी नुसते चार म्हणेल. गावचे नाव आधी लिहावे, पुस्तकी नाव त्यापुढे. भंडारा-गडचिरोलीकडे ज्या गावांत कोसा निघतो, तेथील मुलांस ऐन आणि अर्जुन शिकविण्याची गरजही नसते. कोशाचे किडे याच झाडांवर वाढतात. तेथे शिक्षकाने विचारावे आणि मुलाने सांगावे. गुरे राखणाऱ्या मुलांस शाळेत येता येईना, तेव्हा कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढून शाळाच कुरणावर नेली. रान जाणणारे मूल वर्गात मठ्ठ ठरविले जाते, याचे एक कारण असे की, त्याला ठाऊक असलेले गुरुजींना ठाऊक नसते आणि तसे म्हणण्याचा गुरुजींना संकोच वाटतो.

हाच संकोच काव्य शिकवितानाही आड येतो. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. गडावर कालिदासाचे स्मारक आहे. त्या काव्यातील यक्ष मेघाचे स्वागत कुटजाच्या ताज्या फुलांनी करतो. कुटज म्हणजे कुडा. 'कुडा, एक झाड' असा अर्थ फळ्यावर लिहून देणाऱ्याने ते झाड पाहिलेले असतेच असे नाही.

उरलेल्या दोन तासांत प्रत्येक शिक्षकाने एकच गोष्ट निवडावी. मात्र ती आपल्या शाळेपासून मुलांस चालत जाता येईल इतक्या अंतरावर सापडणारी हवी. नाल्याकाठचा शिक्षक अर्जुन घेईल, पानमळ्याच्या गावचा शिक्षक नागवेलीस लागणारी सावली व पाणी घेईल. परिसर अभ्यासाच्या पहिल्या तासाचे तीन प्रश्न तेथेच लिहून सोबत्यांस विचारून पाहावे. ज्या प्रश्नाचे उत्तर जागेवरून न उठता देता येते, तो खोडावा.

गाडीच्या वेळेस सतरंजी गुंडाळताना एखादी पुडी तशीच राहते : एक चपटे बी, कोणासही न ओळखता आलेले. तीवर सापडल्याची जागा व दिनांक लिहावा, त्याखाली 'ओळख पटली नाही' असे स्वच्छ अक्षरात लिहावे आणि सोमवारी ती उघडून वर्गात फिरवावी.