गळाला मणी, आणि मासा परत पाण्यात

प्रश्न : मुलगी आणि जावई अलास्कात, अँकरेजला असतात. गेल्या सप्टेंबरअखेर जावईबापू गाइड घेऊन केनाय नदीवर रेनबो ट्राउट धरायला गेले होते. फोटो आले. मासा चांगला हातभर, आणि गळाला काय, तर नारिंगी प्लॅस्टिकचा मणी! ना गांडूळ, ना कोलंबी. वर मासा सोडूनही दिला म्हणे. मी लहानपणापासून वाशिष्ठीवर गरवत आलोय, पण हे काही पटेना. माशाला मणी खावासा का वाटतो? नदीत गळ टाकायला पगारी माणूस कशाला? आणि सोडायचाच तर धरायचा कशासाठी? पुढच्या वर्षी मलाही नेणार म्हणतात, तेव्हा जरा खुलासा करा.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मासा त्या मण्याला गाबोळी समजतो. ट्राउटची नव्हे, सामनची. आणि तीही वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत. तोच मणी एप्रिलात टाकला तर ट्राउट त्याच्याकडे ढुंकून पाहील की नाही, शंकाच आहे.

तुम्ही चिपळूणचे, तेव्हा चढणीचे मासे तुम्हाला मी काय सांगणार! पहिल्या पावसात वहाळांतून, शेतांच्या बांधांवरून मासे अंडी घालायला वर चढतात आणि अख्खा गाव मिळेल ते घेऊन पाण्यात उतरतो. केनायवरही चढणच असते. फरक इतकाच, की ती थेट समुद्रातून होते आणि काही दिवसांत न आटोपता उन्हाळाभर, पार शरदापर्यंत चालते. किंग, सॉकआय, कोहो, शिवाय सम आकड्याच्या वर्षी पिंक, अशा सामनच्या जाती टोळ्या-टोळ्यांनी येतात. मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळगा करते, त्यात काही हजार अंडी घालते आणि पुन्हा खडी लोटून झाकते. मग नरही मरतो, मादीही. पॅसिफिकमधल्या या सामनचा परतीचा प्रवास नसतो.

आता गंमत अशी की चांगल्या खडीची जागा मर्यादित आणि गिऱ्हाईक फार. मागून आलेली मादी त्याच जागी खळगा करायला लागते आणि आधीच्या मादीची अंडी उकरली जाऊन प्रवाहाला लागतात. खाली, खळग्यांच्या शेपटाला, ट्राउट तोंड वर करून रांगेत उभे असतात. त्यांना शिकार करावीच लागत नाही. तोंड उघडायचं, मिटायचं. त्यांच्या शेजारी डॉली व्हार्डन नावाचा मासाही असतो. अलास्कातल्या चिग्निक खोऱ्यात या डॉली व्हार्डनचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की अंड्यांचा हंगाम सरला की त्याची आतडी चक्क आक्रसतात आणि पुढल्या हंगामाला पुन्हा वाढतात. वर्षभराची बेगमी काही आठवड्यांत करणाऱ्याला असं पोट परवडतं.

अंडी संपत आली की मेलेल्या सामनचं मांस सुटून वाहायला लागतं. मग ट्राउट त्यावर ताव मारतो. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात गाबोळी आणि पुढे कुजकं मांस, असा हा शरदाचा बेत. रेनबो ट्राउट स्वतः अंडी घालतो वसंतात (त्यासाठी वरच्या केनायवर २ मे ते १० जून मासेमारी बंद असते), त्यामुळे शरदात त्याला खाण्यापलीकडे दुसरं काम नाही. पुढे लांबलचक हिवाळा असतो आणि अंगावर चरबी हवी असते. त्यातच थंडी पडायला लागली की हिमनद्यांचं वितळणं मंदावतं, नदी उतरते, तिचं दुधाळ निळं-हिरवं पाणी थोडं निवळतं. गळकऱ्याला याहून काय हवं?

मण्याकडे येऊ. गाइडची पेटी उघडलीत तर आत बायकांचं सामान ठेवलंय असं वाटेल. सहा, आठ, दहा मिलिमीटरचे मणी कप्प्याकप्प्यांत लावलेले आणि जोडीला नेलपॉलिशच्या बाटल्या! सॉकआयचं अंडं लहान, किंगचं मोठं, म्हणून मापं वेगवेगळी. रंगाची भानगड त्याहून बारीक. ताजं अंडं लालसर नारिंगी आणि पारदर्शक असतं. मेलेलं अंडं पाणी धरून गढूळ होतं, फिकं पिवळट, मग पांढुरकं. हंगाम सरकतो तशी नदीत मेलेल्या अंड्यांची संख्या वाढते, आणि ट्राउटची नजरही त्या फिक्या रंगावर बसते. म्हणून गाइड मंडळी रात्री बसून झगझगीत मण्यांवर नेलपॉलिशचे हात देतात, त्यांना मुद्दाम निस्तेज करतात. जावईबापूंच्या फोटोतला मणी नारिंगी आहे, त्यावरून त्या दिवशी तिथे ताजी अंडी सुटत होती असा माझा कयास. मांसाच्या दिवसांत हेच गाइड मणी बाजूला ठेवतात आणि सशाच्या केसाळ कातड्याची फिकट पट्टी गळाला बांधतात. पाण्यात ती सडक्या सामनच्या लक्तरासारखी हलते.

मणी गळात ओवलेला नसतो, हे फोटोत कदाचित दिसलं नसेल. तो दोरीवर टूथपिकच्या तुकड्याने पाचर मारून बसवतात आणि नुसता गळ त्याच्या खाली लोंबतो. ट्राउट मणी तोंडात घेतो, प्लॅस्टिक आहे हे त्याला क्षणात कळतं आणि तो थुंकतो. तेवढ्यात दोरी ओढली गेली, तर मणी सरकत बाहेर येतो आणि मागचा गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मासा गळ गिळत नाही, म्हणून सोडल्यावर जगण्याची शक्यता वाढते. पण हेच अंतर जास्त ठेवलं तर गळ डोळ्यात, कल्ल्यात, अंगात कुठेही घुसेल. म्हणून अलास्काचा नियम सांगतो की बसवलेला मणी गळापासून दोन इंचांच्या आतच हवा.

गाइड कशाला, या प्रश्नात तुमचा सूर जरासा खोचक आहे, आणि तो थोडा रास्तही आहे. केनायवर ट्राउटला गळ टाकायला गाइड घ्यावाच असा कायदा नाही. परवाना काढा, काठावर उभे राहा. पण नदी एकशेतीस किलोमीटरच्या वर लांब, पाणी बर्फाचं, ओढ जबर. वरच्या टप्प्याच्या शेवटी घळीत खळाळ आहे आणि तो ओलांडला की स्किलॅक तलाव पार करावा लागतो. तिथे वारा सुटला तर भल्याभल्यांची भंबेरी उडते.

खरी विद्या मात्र वेगळीच. वाहतं अंडं पाण्याच्या वेगानेच वाहतं, ना पुढे, ना मागे. मणी जरा ओढल्यासारखा वाटला की ट्राउट तोंड फिरवतो. आणि नदी वर जोरात वाहते, तळाशी हळू. दोरीला वर तरंगणारा छोटा गोळा असतो, तो खालच्या मण्याला सतत फरफटवू पाहतो. त्यामुळे दोरी पुनःपुन्हा उचलून मागे टाकावी लागते. शिशाचं वजन असं हवं की ते तळाच्या दगडांना मधूनच टेकेल, पण अडकणार नाही. एवढं सगळं नवख्याकडून करवून घेताना गाइड स्वतः होडीत प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही उलटी मारतो. होडी पुढे न्यायची नसते, तिला मण्याच्या चालीने रेंगाळत ठेवायची असते. तरंगणारा गोळा किंचित थबकला की तो ओरडतो, आणि नवखा म्हणतो, ‘काय झालं?’ तोवर मासा गेलेला असतो. वरच्या केनायवर दिवसभर हे चालतं, आणि त्याचे माणशी काही शे डॉलर पडतात. चांगला गाइड अंडी घातलेल्या खडीवर पायसुद्धा ठेवू देत नाही. गाइड निवडताना जावयांना एवढं विचारायला सांगा, मासे किती मिळतील ते विचारू नका.

आता सोडून देण्याचं. जावईबापूंना तो मासा ठेवायचा म्हटलं तरी ठेवता आला नसता. वरच्या केनायवर १६ इंचांच्या वरचा रेनबो ट्राउट ठेवायला मनाईच आहे, आणि तुमच्या हातभर माशाने ती मर्यादा केव्हाच ओलांडली असणार. थंड पाण्यात मासा सावकाश वाढतो. एवढा व्हायला त्याला बरीच वर्षं लागलेली असतात. अँकरेजहून वरच्या केनायच्या काठावरच्या कूपर लँडिंगला गाडीने दोनेक तासांत पोचता येतं. अशा हमरस्त्यालगतच्या नदीवरून प्रत्येकाने एकेक मोठा ट्राउट घरी नेला, तर फोटोपुरताही उरणार नाही.

हे झालं व्यवहाराचं. पण गळकऱ्यांच्या बोलण्यात ‘सोडून दिला’ याला जो पुण्याचा वास येतो, तो मला मानवत नाही. मासा थकतो, घाबरतो, आणि सोडलेल्यांपैकी काही मरतातही. खाण्यासाठी धरणं मला अधिक सरळ वाटतं. गंमत म्हणजे तिथलेही लोक ते करतातच. त्याच नदीतले सॉकआय आणि कोहो ते रीतसर मर्यादेत घरी नेतात. मुलीच्या फ्रीजरमध्ये डोकावून बघा. ट्राउट तेवढा खेळापुरता. मग निदान खेळ तरी नीट खेळावा. गळाचा काटेरी उलटा दात पक्कडीने आधीच चेपून टाकावा, जाळी रबराची असावी, हात ओले करूनच मासा धरावा (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो), आणि फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर क्षणभरच काढावं.

हे महाराष्ट्रात का नाही, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. आपलं पाणी ट्राउटला गरम पडतं. वीस अंशांच्या पुढे त्याचा जीव घाबरा होतो. भारतात तो आणावा लागला. नीलगिरीत अ‍ॅव्हलांचला १९०७ साली त्याचं उबवणी केंद्र उभं राहिलं. हिमाचलात तीर्थन नदीवर पावसाळा सरल्यावर ट्राउट धरता येतो, तिथे ब्राउन ट्राउटही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र बंदी, कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो. पण तिथे सामन नाही, म्हणून अंड्यांची ती वाहती पंगतही नाही. केनायची युक्ती तीर्थनला जशीच्या तशी लागू होणार नाही.

तुम्ही जाणारच असाल तर सप्टेंबरचा मध्य ते अखेर धरा. बर्च आणि अ‍ॅस्पेन तेव्हा पिवळेधमक असतात, आणि अस्वलंही सामनवर तुटून पडलेली असतात, त्यामुळे काठावर एकटे हिंडू नका. गुडघ्यांची चिंता नको, बरीचशी मासेमारी होडीत बसूनच होते. लोकरीचे मोजे आणि पाण्याची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा न्या, बाकी सामान बहुधा गाइडच देतो. आणि सवयीने कोलंबीची पुडी तेवढी खिशात टाकू नका. वरच्या केनायवर गळाला आमिष लावायला बंदी आहे, आणि दंड जावयांना भरावा लागेल.