गुडघ्यातलं ‘वंगण’ संपत नाही

“डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे,” असं साठीच्या आसपासचे रुग्ण खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकतात. निदान बहुधा शेजाऱ्यांचं, नाहीतर मोबाइलवरच्या व्हिडिओचं असतं. पाठोपाठ प्रश्न येतो, “मग चालणं बंद करू ना?”

चालणं मुळीच बंद करू नका. वंगण म्हणजे सांध्यातला द्रव. सांध्याच्या आतलं अस्तर तो जन्मभर तयार करत असतं. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो. उलट संधिवातात तो अनेकदा वाढतो, आणि मग आपण ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतो. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, पांढरट आवरण. त्याची जाडी जेमतेम काही मिलिमीटर असते.

हाड आणि कूर्चा शेजारी राहतात, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. जन्मतः बाळाच्या सांगाड्यात कूर्चा भरपूर असते आणि हाडांचे सुटे भाग तीनशेच्या आसपास असतात. वाढीबरोबर ते जुळत जातात आणि मोठेपणी 206 हाडं उरतात. हाड कोरडं, निर्जीव वाटतं खरं, पण त्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात. जुना भाग काढून नवा रचण्याचं काम तिथे सतत चालू असतं. दरवर्षी सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा बदलला जातो. म्हणूनच मोडलेलं मनगट प्लॅस्टरमध्ये साधारण सहा आठवड्यांत जुळून येतं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. नसा नाहीत म्हणून झीज सुरू झाल्याचं कळत नाही, रक्त नाही म्हणून ती नीट भरून येत नाही. तिचं पोषण होतं ते त्या द्रवातूनच. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दबते, उचललं की द्रव पुन्हा शोषून घेते. दिवसभर बसून राहणारा माणूस गुडघ्याला जपत नाही, उपाशी ठेवतो.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधली फट दिसते, ती कूर्चेची जागा. संधिवाताच्या तपासणीसाठी हा एक्स-रे उभं राहून काढावा, कारण झोपून काढला तर फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. पण ‘गॅप कमी झाली’ एवढं वाचून घाबरू नका. फट खूप कमी असूनही आरामात फिरणारे रुग्ण मी पाहतो.

मग करायचं काय? वजन जास्त असेल तर आधी ते उतरवा. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहा अंक मोजेपर्यंत धरा. प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. दुखत असेल तर उकिडवं बसणं टाळा, कमोड वापरा. दुखत नसेल तर मांडी घालून जेवायला माझी काहीच हरकत नाही.

‘वंगण वाढवणाऱ्या’ कॅप्सूलवर पैसे घालवू नका. ग्लुकोसामाइनचा ठोस फायदा मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही. डी जीवनसत्त्वाच्या पुड्याही मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध आणि रोजचं चालणं असू द्या. तिशीपर्यंत जमवलेली हाडांची पुंजी पुढे पुरवायची असते, तेव्हा घरातल्या तरुण मुलींच्या ताटाकडेही लक्ष द्या.

मात्र गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.