फाईल उघडताना, फाईल पाठवताना

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या शीर्षकाचा ई-मेल जगभर पसरला. सोबतची फाईल प्रेमपत्र भासे. प्रत्यक्षात तो संगणकातील अनेक फायली नष्ट करून पत्तावहीतील सर्वांना स्वतःची प्रत धाडणारा प्रोग्राम होता. परिचिताचे नाव पाहून लोकांनी ती निःशंकपणे उघडली. आज लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाईल हाच विश्वास लुबाडते. ती पत्रिका नसून मोबाईलमध्ये शिरणारे ॲप असते. म्हणून अनपेक्षित फाईल उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्यास फोन करून विचारावे. आपणही खात्री न करता काही पुढे पाठवू नये; इतरांची छायाचित्रे तर त्यांच्या संमतीविना मुळीच नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. आपल्या नावावरचा इतरांचा विश्वास जपणे, हाच आंतरजालावरील खरा शिष्टाचार होय.