शिब्बोलेथ आणि गोंदियाची गाडी

वाचन : शास्ते 12:4-6

बदलीमुळे आम्ही पुणे सोडून बालाघाटास राहावयास आलो. कामानिमित्त महिन्यातून दोनदा तरी गोंदियास जाणे होई. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण त्या पॅसेंजर गाडीत जितक्या बोली कानी पडत तितक्या पुण्यात वर्षभरात आम्ही ऐकल्या नव्हत्या. शेजारच्या बाकावर पोवारी चाले. ती हिंदीसारखी वाटे, तोच मध्ये मराठी शब्द येई. पोवार समाज माळव्याकडून येऊन वैनगंगेच्या खोऱ्यात वसला, असे सांगतात. त्या वाटचालीच्या खुणा बोलीत राहिल्या असाव्यात. दाराशी बसलेले गोंड आपसांत बोलू लागले की एक शब्द उमगत नसे, कारण गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूची नातलग. (सर्वच गोंड गोंडी बोलतात असे मात्र नाही. पुष्कळांच्या घरी आज हिंदीच आहे.) भरवेलीच्या मँगनीज खाणीकडची माणसे असत, त्यांची हिंदी आणखी निराळी.

आम्हांस एक छंदच लागला : माणूस बोलला की तो कोण हे ओळखावयाचे. एकदा गोंदियास एक म्हातारी गाठोडे घेऊन चढली. बालाघाटास दिलेल्या लेकीकडे निघाली होती. पावसाने ‘सेत’ बुडाले आणि विहिरीत ‘पानी’ शिरले, असे ती सांगू लागली. हिला मराठी नीट येत नाही असे समजून आम्ही मोठ्याने, सावकाश, हिंदीत उत्तर दिले. ती आमच्याकडे पाहत राहिली.

“मराठीच त बोलतो जी मी,” ती म्हणाली, आणि बालाघाट येईपर्यंत पुन्हा बोलली नाही.

ती झाडीबोली होती. तिच्यात श चा स होतो, ण चा न होतो. हे आम्हांस मागाहून कळले.

त्या रात्री शास्तेमधील हा भाग वाचताना आम्ही थबकलो. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक येणाऱ्या प्रत्येकास ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लावीत. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघे त्यास तेथेच ठार करीत. दोन्ही पक्ष इस्राएलीच होते, हे विसरू नये. शब्दही किती साधा! त्याचा एक अर्थ धान्याचे कणीस. श आणि स यांचाच फरक, आणि शेतातलाच शब्द. आमच्या हाती तलवार नव्हती एवढेच.

या गाडीच्या वाटेवरही नदी आहे. बिरसोल्यापुढे बाघ नदी ओलांडली की राज्य बदलते. 1956 पर्यंत दोन्ही तीर नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला, भंडारा जिल्हा, आणि त्यासोबत गोंदिया, मुंबई राज्यात गेला. लेकीसुनांची ये-जा थांबली नाही. अलीकडच्या मुलांनी हिंदीत शाळा शिकावी आणि आजीशी घरच्या बोलीत बोलावे, हे येथे नित्याचे. मग त्यांतील अशुद्ध कोण, आणि ते आम्ही कोणत्या अधिकाराने ठरवावे?

म्हातारी पुन्हा भेटली नाही. पुढे एकदा बसने घाट चढून बैहरास निघालो होतो. समोर एक बैगा बाई बसली होती, कपाळावर आणि हातांवर गोंदलेले. आमचा मुलगा बोट दाखवू लागला तेव्हा त्याचा हात आम्ही खाली घेतला. तिने ते पाहिले. थोड्या वेळाने तिनेच हिंदीत विचारले, “आप लोग कौन?”

मराठी म्हणावे, पुण्याचे म्हणावे, की ख्रिस्ती म्हणावे? आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. ती वाट पाहत होती.