कोणी दाखवलं?

आमच्या विद्यापीठातल्या बुरशी-अभ्यासाच्या गटाबरोबर मी बरेच पावसाळे रत्नागिरी जिल्ह्यात फिरले, आणि हाती लागलेलं मांडायला परिषदांनाही गेले. त्या फिरण्यातून मनात राहिलेल्या या काही गोष्टी.

१. अळंबी शोधायची तर आधी माणूस गाठावा लागतो. संगमेश्वराकडच्या एका वाडीत आजींनी आम्हाला वारूळ दाखवलं. गडगडून पाऊस झाला की कुठल्या बांधाखाली छत्र्या वर येतात, हे त्यांना पाठ होतं. मी खुरपं घेऊन खोल खणायला लागले तशी त्यांनी माझा हात धरला, “खणू नको गो, पुढल्या वर्षी येणार नाय.” ही अळंबी म्हणजे वाळवीची शेती. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड वारुळात नेते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. म्हणून तर धिंगरीसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही. मी हे पुस्तकात वाचलं होतं. आजी त्याप्रमाणे वागत आल्या होत्या.

२. चालण्यापेक्षा बसल्यावर जास्त दिसतं. आंबा घाटाच्या पायथ्याशी पऱ्यातल्या दगडाआड साचलेला फेस मी कितीदा ओलांडून गेले असेन. एकदा सरांनी तो चमच्याने बाटलीत भरून घ्यायला सांगितला. रात्री सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चार हात पसरलेले चिमुकले बीजाणू! पाण्यात कुजणाऱ्या पानांवरच्या या बुरशांकडे बुरशीशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९४२ साली जगाचं लक्ष वेधलं. वाहत्या पाण्यात पानाला अडकून राहायला ते हात उपयोगी पडतात. त्या रात्री मी जेवायचीही विसरले.

३. आपल्याला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न समोरच्याचा असेलच असं नाही. गुहागरच्या एका बागायतदारांना मी उत्साहाने सांगितलं, की सुपारीचा कोळेरोग करणारा फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नव्हे, त्याचं नातं तपकिरी शैवालांशी आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गळून पडलेली एक हिरवी सुपारी उचलली, तिच्यावरचा पांढरा थर अंगठ्याने पुसला आणि विचारलं, “मग बोर्डो मारू की नको?” मारायचाच होता, मोरचूद-चुन्याचा, पाऊस लागायच्या आधी. तेव्हापासून मी आधी नुकसान किती झालं ते विचारते, वर्गीकरण मागून.

४. मेलेलं झाड रिकामं नसतं. कित्येक देवरायांत पडलेली फांदीसुद्धा उचलून न्यायची नाही, असा रिवाज आहे. आम्ही एका राईत शिरण्याआधी गुरवकाकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि त्यात आमच्या अभ्यासालाही यश मागितलं. आत एक जुनं खोड आडवं पडलं होतं. त्यावर पंख्यासारख्या बुरशांच्या उतरंडी, खाली भुसभुशीत माती. सरपणाला गेलं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं. चप्पल बाहेर काढून आत गेल्याचं त्या दिवशी मनापासून बरं वाटलं.

५. परिषदेतला अवघड प्रश्न ही भेट असते. ‘देवराईतल्या बुरशा’ या विषयावर मी बोलले. शेवटी एका वयस्कर बाईंनी विचारलं, “तुमच्या सगळ्या फेऱ्या जुलै-ऑगस्टमधल्याच का?” उत्तर ‘हो’ होतं. मी एका ऋतूला सबंध राईचं नाव दिलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये गेलो, कोरडी पानं आणली, काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर ठेवली. काही दिवसांत त्यांवर काळे, करडे केसाळ ठिपके उगवले. जगात बुरशांच्या २२ ते ३८ लाख प्रजाती असाव्यात असा २०१७ सालचा अंदाज आहे, आणि नाव मिळालेल्या आहेत सुमारे दीड लाख. उरलेल्या कुठे असतील, याची चुणूक त्या बशीत दिसली.

६. चिठ्ठीशिवाय नमुना मुका. नमुना कागदी पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकमध्ये संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल होतो. बरोबर चिठ्ठी हवी: तारीख, ठिकाण, कशावर वाढला, वास, रंग. वारूळ दाखवणाऱ्या त्या आजी दोन वर्षांनी गेल्या. त्यांच्या वारुळावरची अळंबी आमच्या संग्रहात वाळवून जपलेली आहे आणि तिच्या चिठ्ठीवर माझं नाव आहे, त्यांचं नाही. ते मला सलत राहिलं. आता आमच्या चिठ्ठीवर एक रकाना वाढला आहे: कोणी दाखवलं. नमुना पिशवीत घालण्याआधी मी पहिल्यांदा तो भरते.