हिल्फुल फुजूल आणि स्त्रीहक्कांचा जागतिक करार



प्रेषितत्वापूर्वीच्या मक्केतील ही घटना आहे. यमनमधील जबीदहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल आस बिन वाइल या कुरैश सरदाराने घेतला आणि पैसे बुडविले. परक्या शहरात त्या व्यापाऱ्याला ना कबिला होता, ना पाठीराखा. अबू कुबैस टेकडीवर चढून त्याने आपली फिर्याद सर्वांना ऐकविली. तेव्हा काही घराण्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली. मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल, तो आपला असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहण्याची त्यांनी शपथ घेतली. हाच ‘हिल्फुल फुजूल’ करार. तरुण मुहम्मद (स.) त्यात सहभागी होते. पुढे प्रेषितपद लाभल्यावरही त्यांनी सांगितले की, इस्लामच्या काळातही अशा कराराचे बोलावणे आले तर मी ते स्वीकारीन.

करार कोणी मांडला हे प्रेषितांनी पाहिले नाही. तो कोणाचा हक्क राखतो हे पाहिले. सत्कर्म आणि ईशभय यांत परस्परांना साहाय्य करावे, पाप आणि अतिरेकात करू नये, ही सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीची शिकवणही हाच मार्ग दाखविते.

या प्रकाशात आपल्या काळातील एका कराराकडे पाहू या. १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नाहीसे करण्याचा करार संमत केला. ‘सीडॉ’ या नावाने तो ओळखला जातो. भारताने त्यावर १९८० मध्ये स्वाक्षरी केली आणि १९९३ मध्ये त्याला मान्यता दिली. इंडोनेशिया, बांगलादेश, पाकिस्तान, मोरोक्को आणि सौदी अरब हे देशही त्यात सामील आहेत. काहींनी शरिअतशी विसंगत वाटणाऱ्या तरतुदींवर आपला आक्षेप नोंदविला आहे.

आपल्याकडे या कराराचा विषय निघाला की, चर्चा विवाह व कुटुंबासंबंधीच्या सोळाव्या कलमावर येऊन थांबते. तेथे उलमांचे खरे मतभेद आहेत. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या एका कलमाआड आपण आधीची पंधरा कलमे का झाकावीत? दहावे कलम मुलींच्या शिक्षणाचे आहे, बारावे आरोग्याचे, चौदावे ग्रामीण स्त्रियांचे. पंधरावे कलम स्त्रीला स्वतःच्या नावे करार करण्याचा आणि मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार देते. पत्नीची मालमत्ता तिचीच, हे तर शरिअतने केव्हाच सांगितले आहे. सोळाव्या कलमातही विवाहासाठी स्त्रीची मुक्त संमती सांगितली आहे. खन्सा बिन्त खिजाम (रजि.) यांचा निकाह पित्याने त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषितांनी तो रद्द ठरविला होता.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक वाचा. या कराराला मान्यता देताना भारत सरकारने जाहीर केले की, कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप केला जाणार नाही. आपण यातील ‘हस्तक्षेप नाही’ एवढेच ऐकले. ‘पुढाकार’ हा शब्द आपल्या अंगावर जबाबदारी टाकतो, हे आपण विसरलो.

मीही विसरलो होतो. एकदा जुम्याच्या नमाजनंतर एक भगिनी मशिदीच्या दाराशी थांबली. वडिलांच्या पश्चात भावांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले होते. सही केली नाही तर माहेर तुटेल, असेही बजावले होते. “भावांशी गोडीने घ्या,” एवढे बोलून मी मोकळा झालो. ते उत्तर आजही मला टोचते.

कारण हाच प्रश्न प्रेषितांसमोर आला होता. उहुदच्या लढाईत शहीद झालेल्या साद बिन रबीअ (रजि.) यांची पत्नी दोन मुलींना घेऊन आली. चुलत्याने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली होती. वारसाहक्काची आयत अवतरली आणि प्रेषितांनी चुलत्याला बोलावून आदेश दिला: दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश त्यांच्या आईला, उरेल ते तुझे. गोडीने घेण्याचा सल्ला त्या विधवेला मिळाला नाही. तिला तिचा वाटा मिळाला.

मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हे सूरह निसाच्या अकराव्या आयतीत ठरलेले आहे आणि त्यावर आपली श्रद्धा आहे. पण ज्या घरात बहिणीला निम्माही मिळत नाही, त्या घराने कोणत्या तोंडाने जागतिक कराराविरुद्ध शरिअतची ढाल पुढे करावी?

म्हणून प्रारंभ घरापासून करू या. वडिलांच्या मृत्यूनंतर वाटण्या लांबवू नका. बहिणीचा वाटा आधी तिच्या हाती द्या. नंतर तिने तो ठेवावा वा द्यावा, ही तिची मर्जी. दडपणाखाली घेतलेली सही म्हणजे स्वखुशी नव्हे. निकाहापूर्वी मुलीची संमती तिच्याच तोंडून ऐका. मेहर केवळ कागदावर ठेवू नका. एवढे केले, तर त्या कराराला पाठिंबा देताना आपल्याला संकोच वाटणार नाही आणि आक्षेप घेतानाही आपला शब्द ऐकला जाईल.

ती भगिनी पुन्हा आली, तर या वेळी मी तिच्या भावांकडे जाईन. अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.